लेण्याद्रीचं केळं आणि स्वित्झर्लंडची मेंढरं

आजारातून उठलेल्या माणसाला सगळ्यात जास्त ताप कशाचा होतो, सांगू? "आता कसं वाटतंय?" असं विचारायचं आणि मी तोंड उघडायच्या आत दुसऱ्याशी बोलायला लागायचं, असल्या माणसांचा. त्यांच्या मागोमाग "देवाची कृपा समज" म्हणणारे. या दोघांचा मला इतका वीट आलाय की शेवटी कागद घेऊन बसले. ज्यांच्या घरात वॉकर आहे, व्हीलचेअर आहे, आणि तरीही लांब कुठंतरी जाऊन काहीतरी बघायची हौस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, फक्त वाचून झाल्यावर मला सल्ला देऊ नका.

मी शालन. सासर येडगाव, माहेर लोणी. माहेरी मेंढरं, माझा थोरला भाऊ अजून राखतो. सासरीही आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरंच होती, मग कालव्याला पाणी आलं आणि सगळे उसात शिरले. मी एसटीत कंडक्टर होते. माझा आवाज कसा असेल ते यावरून ओळखा.

पायरी

आधी जुलाब झाले, ते बरे झाले. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. मी म्हटलं, उभं राहून राहून आल्या असतील. चपलेत कुणीतरी कापूस कोंबलाय असं वाटायचं. तरी ड्युटी चालूच.

डिंगोऱ्याच्या स्टॉपवर दोन बायांचं टोपलीवरून भांडण लागलं म्हणून मी खाली उतरले. भांडण मिटवलं, शिट्टी तोंडात धरली आणि पायरीवर पाय टाकायला गेले, तर पाय वर येईना. मी दांडी धरून उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. आतून एक जण ओरडला, "मॅडम, चला की राव! उशीर व्हतोय!" ज्या पायरीवर उभी राहून मी अर्धं आयुष्य लोकांना "आत सरका, आत सरका" म्हणत आले, ती पायरी मला चढता येईना. शेवटी त्या भांडणाऱ्या दोघींनीच मला मागून ढकलून वर घातलं. टोपलीसकट.

संध्याकाळी नारायणगावच्या डॉक्टरांनी पायावर हातोडी मारून बघितली आणि लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. पुण्यातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, जीबीएस. नसांचा आजार. पुस्तकातली माहिती मी सांगणार नाही, ती कुणीही सांगेल. मला आठवतंय ते एवढंच, की डॉक्टर सगळं आमच्या मालकांकडं बघून बोलत होते. "यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. यांना मशीनवर ठेवावं लागेल." ह्या 'यांना' मधली मी तिथंच पलंगावर पडले होते, शुद्धीत, दोन्ही कान उघडे. पण माझ्याकडं कुणी बघेल तर शपथ.

छत

दुसऱ्या दिवशी श्वास अडकला. घशात नळी गेली. हात नाही, पाय नाही, आवाज नाही. डोळे तेवढे हलायचे. लोकांना वाटतं अशा माणसाला काही कळत नसेल. सगळं कळतं हो! डायपर बदलताना दोघी जणी माझ्या अंगावरून एकमेकींशी गवारीच्या भावाबद्दल बोलायच्या, तेही कळायचं. घाण माझी, अंग माझं, आणि मीच त्या खोलीत नाही. त्या वासाची मला अजून शिसारी येते. फिनेलचा वास कुठंही आला की मी नाकाला पदर लावते.

एक मावशी मात्र वेगळी होती. चादर ओढायच्या आधी म्हणायची, "शालनताई, आता कूस बदलते हां." एवढंच. दर वेळी आधी सांगायची. तुमच्या घरात कुणी असं पडून असेल तर बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हात लावायच्या आधी सांगत जा.

पुढं मशीन सुटलं, वॉर्डात आणलं. गळ्यात अजून मशीनच्या नळीचं भोक होतं. समोरच्या भिंतीवर टीव्ही. त्यावर कुणीतरी एका दुपारी परदेशाचा कार्यक्रम लावून ठेवला आणि बदलायचं विसरलं. स्वित्झर्लंडचा डोंगर. थंडी पडायच्या आधी तिथली माणसं उन्हाळाभर वर चरलेली मेंढरं खाली गावात उतरवतात. नुसती मेंढरंच मेंढरं. काळ्या तोंडाची, पांढरी, वळलेल्या शिंगांची. आणि त्यांच्या पुढं हातात काठी घेऊन एक म्हातारी बाई चालत होती. तिची चाल अगदी माझ्या आईची. पायांकडं न बघता टाकलेले पाय. मी त्या पडद्याकडं बघत पडल्या पडल्या ठरवलं, जगले तर ही मेंढरं बघणार. टीव्हीवर नाही, समोर उभं राहून.

बोलता यायला लागल्यावर माझा पहिला शब्द निघाला, "मेंढरं." मालकांना वाटलं, मेंदूवर गेलं. ते बाहेर जाऊन रडले आणि लोणीला फोन केला. तिकडं माझ्या भावाला वाटलं, बहिणीला शेवटचं माहेर आठवलं. बरं, आता आमच्याकडची माणसं काय करतील? दादा दुसऱ्या दिवशी जीपमधून एक कोकरू घेऊन हॉस्पिटलच्या गेटावर हजर! वॉचमन आत सोडेना. "अवो, बहीण हाय माझी आत, तिनं मागितलंय!" दादाचा आवाज पार वरच्या मजल्यावर ऐकू आला. शेवटी मला व्हीलचेअरवर घालून खाली नेलं, आणि त्या कोकरानं माझ्या गाऊनची नाडी चघळली. मला ते नको होतं. मला दुसरीच मेंढरं हवी होती, पण हे सांगायला दम नव्हता. तरी खरं सांगते, त्या दिवशी बोटांना पहिल्यांदा काहीतरी जाणवलं, त्याची लोकर.

घरी

घरी आले ती पायात पट्ट्यांचे बूट घालून आणि वॉकर घेऊन. खोलीतल्या खोलीत चालता यायचं, पुढं व्हीलचेअर. पायरी एकही नाही. आजही तसंच आहे. डॉक्टर म्हणाले, जेवढं यायचं तेवढं आलं.

भेटायला माणसं आली. बिस्किटचे पुडे आणि नारळपाणी घेऊन आली, पलंगाभोवती बसली आणि कुणाकुणाचं असंच होऊन काय काय झालं ते सांगून गेली. एक बाई तर माझ्यासमोर मालकांना म्हणाली, "भाऊ, आता तुमचं कसं व्हायचं?" माझं नाही, त्यांचं! मी म्हटलं, त्यांचं काय व्हायचंय, धडधाकट आहेत, भाकरी थापायला शिकतील. बाई रुसून गेली. बरं झालं.

मग एकदा जेवताना मी स्वित्झर्लंडचं काढलं. मालकांचा घास हातातच राहिला. "मेंढरं बघायला परदेशात? आपल्या दारावरून जात्यात की वर्साला!" पण आमची प्रियंका पुण्याला नोकरी करते, ती म्हणाली, "पप्पा, बघू तर. सोय असते हल्ली." पैशाचं काय ते आमचं आम्ही बघितलं, त्यात तुम्ही पडू नका.

टूरवाला

प्रियंका आम्हाला पुण्यात एका टूरवाल्याकडं घेऊन गेली. ऑफिसला तीन पायऱ्या. सुरुवातच अशी. दोन पोरांनी खुर्ची उचलून आत ठेवली आणि टूरवाला मालकांना म्हणाला, "मॅडमना कितपत चालता येतं?"

"मला विचारा की," मी म्हटलं. "मी इथंच बसलेय."

तो हसला. हसून परत मालकांकडंच वळला. दहा दिवसांत एवढे देश, रोज सकाळी अमक्याला नाश्ता, तमक्याला बस. "मॅडमना जिथं जमणार नाही तिथं त्या बसमध्ये बसून राहतील. बसमधूनही फार छान दिसतं."

माझं टाळकंच सरकलं. "अहो भाऊ, मी कंडक्टर आहे. जन्म बसमध्ये गेला माझा. बसमध्ये बसून राहायला मी विमानानं जाऊ?"

त्यानं कसनुसं तोंड केलं, मग म्हणाला की मॅडमच्या तब्येतीकडं बघता कंपनी जबाबदारी घेऊ शकणार नाही, सॉरी. मालक लगेच उठले. "चला, न्हाई म्हणत्यात तर काय करणार." इतक्या पटकन उठले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

एक शिकले, ते सांगते. "थोडंफार चालता येतं" असं कुणाला कधी सांगू नका. ऐकणारा त्यातलं त्याला सोयीचं तेवढंच उचलतो. सरळ सांगा, पायरी चढता येत नाही, एकही नाही. संडासात खुर्ची जाते का, तेवढं बोला. लाज धरलीत की मेलात.

लेण्याद्री

मग मालकांनी टूम काढली. "आधी लेण्याद्री करू. ते जमलं तर पुढचं बघू." गणपतीला जायला मी कधी नाही म्हणणार नाही, पण ही परीक्षा होती आणि ती माझीच होती. तिथं डोली मिळते. खुर्चीत बसायचं, माणसं खांद्यावर घेऊन पायऱ्या चढतात. त्या माणसांचा काही दोष नाही, बिचारे जपून नेत होते. पण मला ते सहनच होईना. प्रत्येक वळणावर लोक बाजूला सरकून हात जोडायचे. गणपतीला नाही हो, मला! एक जण पोराला सांगत होता, "बघ, यांच्याकडं बघ, आपण किती नशीबवान." मी डोळे मिटून घेतले.

दर्शन झालं. खाली आलो. मालक गाडी आणायला गेले, मला झाडाखाली खुर्चीत ठेवून. तिथं माकडं फार. चांगल्या घरची दिसणारी एक बाई घड घेऊन त्यांना केळी टाकत होती. टाकता टाकता तिची नजर माझ्यावर पडली. ती आली, त्याच घडातलं एक केळं मोडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या मावशी. खा." आणि नमस्कार करून वळली.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात मालक आले. मला वाटलं, आता हे बोलतील. हे काय बोलले? "घे गं. प्रसाद हाय." आणि त्या बाईला म्हणाले, "लई उपकार झाले, ताई."

मी ते केळं फेकून दिलं. माकडानं झेललं. घरी गेल्यावर म्हटलं, "नाही जायचं मला कुठं. रद्द." मालकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मी बघितला तो श्वास. मग प्रियंकाला फोन करून विचारलं, खरं सांग, टूरवाल्याला कुणी काय सांगितलं होतं? पोरगी म्हणाली, "मम्मी, पप्पांनी आदल्या दिवशी त्याला फोन केला होता. नाही म्हणा म्हणून."

नवऱ्याची एवढी किळस मला आख्ख्या संसारात कधी आली नव्हती. ज्या माणसानं महिनोन् महिने माझं भांडं उचललं, त्याची. तेही खरं आणि हेही खरं. दोन्ही एकाच घरात घेऊन मी बसले होते. ताट आणून ठेवायचे, मी तोंड फिरवायची.

वाडा

दिवाळीनंतर दादाचा कळप कोकणाकडं निघाला आणि वाटेत आमच्या रिकाम्या रानात बसला. शेताला लेंडीखत मिळतं म्हणून लोक आपल्या रानात मेंढरं बसवतात, दरवर्षीचीच पद्धत. मेंढरांच्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. मी खुर्ची बांधापाशी लावून घेतली. घरात बसण्यापेक्षा बरं.

सकाळी वाडा हलायच्या आधी दादा नेहमीसारखा कळपातून फिरला. रात्री कुठली व्याली, कुठली लंगडतीय, कुणाच्या खुरात काय गेलंय. एक मेंढी मागचा पाय उचलून उभी होती. दादानं तिच्याकडं बघितलं आणि वहिनीला हाक मारली, "आज ओतूरला न्हाई पोचायचं. अलीकडंच ठेवू मुक्काम." आणि पोराला पुढं धाडलं, जागा बघायला. पाणी आहे का, कुत्री किती, रानवाला कसा आहे. तो बघून येईपर्यंत बिऱ्हाड घोड्यावर चढत नाही.

हे मी जन्मापासून बघत आलेय. आमच्यात दिवसाची चाल लंगडीवरून ठरते. पळणाऱ्या मेंढीला कुणी विचारत नाही. आणि मी, मेंढरामागं वाढलेली बाई, त्या टूरवाल्याच्या धडधाकट कळपाच्या चालीवर माझं जाणं-न जाणं ठरवून घरात तोंड फुगवून बसले होते! मलाच माझा राग आला. मी बांधावरूनच ओरडले, "दादा, मी स्वित्झर्लंडला चाललेय!"

"जा की," दादा म्हणाला. "येताना लोकर बघून ये, कसली असती त्यांची."

असला सल्ला मला चालतो.

मी बेत केला तो असा. पुढच्या वर्षी, तिकडं थंडी पडायच्या आधी. दहा ठिकाणं नाहीत, एक गाव. मेंढरं खाली उतरतात ते गाव. मला डोंगर चढायची गरजच काय? मेंढरं स्वतःच्या पायांनी माझ्यापर्यंत येतात की! आठवडाभर एकाच घरात मुक्काम, रस्त्याच्या कडेला खुर्ची लावायची आणि बसायचं.

हे मालकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा ओरडले. "तिथं तुला काय झालं तर? मी काय करू? मला त्यांची भाषा येत न्हाई, कुणी वळखीचं न्हाई!" आणि मग खाली बसले. "तुला आत नेलं व्हतं ना, मशीनवर. दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. दारावर एवढीशी काच व्हती, तिच्यातून काय बी दिसत नव्हतं. सही करा म्हणाले, केली. कशावर केली ते अजून म्हाईत न्हाई मला. तसलं दार परत बघायचं न्हाई मला, शालन. परक्या मुलखात तर न्हाईच न्हाई."

इतक्या महिन्यांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही विचारायचं सुचलं नव्हतं, कारण मला वाटायचं आजारी मी एकटीच होते. पण राग काही लगेच गेला नाही, उगाच खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "भीती वाटते तर तसं बोला. माझ्या पाठीमागं फोन करू नका. आणि आपल्यात जागा बघितल्याशिवाय वाडा हलतो का? तुम्ही पुढं होऊन जागा बघा. नाही पटली तर मी नाव काढणार नाही."

आता स्वित्झर्लंडला पुढं होऊन जागा कशी बघणार? प्रियंकानं त्या गावातलं एक घर शोधलं, पाहुणे ठेवतात तसलं, आणि व्हिडिओ कॉल लावला. घरमालकीण आजी होती. मालकांनी तिला पार सळो की पळो करून सोडलं. फोन घेऊन तिला घरभर फिरवलं. दाराला उंबरा आहे का? पलंग किती उंच? संडासात धरायला दांडी कुठं? आत खुर्ची वळवून दाखवा! प्रियंका इंग्रजीत सांगायची, पण मालक थेट मराठीतच, मोठ्यानं, आजी डोंगरापलीकडं उभी असल्यासारखे. "आजी, दवाखाना कुठंशी हाय?" आजीनं फोन खिडकीबाहेर धरला. रस्त्यापलीकडं दवाखाना, त्याचं दार आख्खं काचेचं. आतली बाई टेबलाशी बसलेली दिसत होती.

मालक बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जागा बरी हाय."

उतरण

विमानतळावर खुर्ची ढकलणाऱ्या पोरानं मालकांना विचारलं, "सर, मॅडमना पाणी हवंय का?" मालक म्हणाले, "त्यांनाच विचार." एवढ्यावर मी अर्धा प्रवास खूश होते. बाकीचा अर्धा प्रवास कसा गेला ते विमानातल्या संडासाला विचारा. तिथं कुणी उभं तरी कसं राहतं देव जाणे, बसायची गोष्टच सोडा. याचा बंदोबस्त आधी डॉक्टरांना विचारून करून घ्या, मी नव्हता केला.

आणि मग ती सकाळ. रस्त्याच्या कडेला मी, अंगावर घोंगडी, शेजारी मालक. आधी घंटांचा आवाज, मग वास. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा वास. फिनेलनं माझ्या नाकात घर केलं होतं, ते पहिल्यांदा तिथून हललं. मग वळणावरून मेंढरं आली. रस्ता भरला, माझ्या चाकांना घासून गेली. एकीनं घोंगडी हुंगली. मी रडले, आणि मला कुणी "देवाची कृपा" म्हणालं नाही. मालक टोपी हातात घेऊन उभे होते.

सगळ्यांच्या मागून एक छोटी गाडी आली. तिच्या मागच्या ट्रॉलीत पेंढ्यावर एक लंगडी मेंढी बसलेली, मान वर करून रस्त्याकडं बघत. चालवणारा गडी तिच्या सोयीनं हळूहळू येत होता. लोक तिच्याकडं बघत होते, जसे बाकीच्यांकडं बघत होते तसेच.

ट्रॉली आमच्यासमोरून गेली. मालक वळणापर्यंत तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिला कुणी केळं दिलं न्हाई बघ."

मी म्हटलं, "नाही दिलं."

"मी बी तुला घे म्हणायला नको व्हतं," ते म्हणाले, आणि माझी घोंगडी सरकली होती ती नीट करायला हात पुढं केला. मग थांबले.

"घोंगडी वर घेतो हां," म्हणाले, आणि मग घेतली.